लास्लोला लोखंड भाजत नाही

वाराडच्या देवळात सकाळचा उजेड एकदम येत नसे. आधी तो पूर्वेच्या खिडक्यांना बाहेरून टेकून उभा राही. त्या खिडक्यांना वासराचे पातळ कातडे तेल लावून ताणून बसवलेले होते, आणि दिवस उजाडल्याची पहिली खूण म्हणजे त्या कातड्यातल्या शिरा दिसू लागत. कधीकाळी मेलेल्या वासराच्या बारीक, फांद्याफांद्यांच्या शिरा. मग राखाडी कातडे पिवळट होई, पिवळटाचे मधाच्या रंगाचे होई, आणि आता हे फाटेल की काय असे वाटेपर्यंत भरून आले की उजेड आत उतरे. आत आल्यावरही त्याला घाई नसे. पहिल्यांदा तो तुळयांना लागे. तिथे झोपलेली कबुतरे एक पाय पोटात घेऊन दुसरा खाली सोडत. मग खांबांवरून तो इतक्या सावकाश खाली सरके की डोळ्यांनी सरकताना दिसू नये, पण एक प्रार्थना संपवून वर पाहावे तर मघाची रेघ एका चिऱ्याने खाली आलेली असे. वेदीच्या डाव्या अंगाला राजाची कबर होती. तिच्या दगडी कडेला शेकडो माणसांचे हात लागून ती जागा गुळगुळीत झाली होती, तिथे उजेड थोडा थबके. सगळ्यात शेवटी तो माझ्या मांडीवर येई, मी फाडत बसलेल्या तागाच्या पट्ट्यांवर. त्यात विशेष काही नव्हते. पाऊस नसेल त्या प्रत्येक सकाळी हे असेच घडे, आणि मी ते प्रत्येक सकाळी पाहत असे. माणसांकडे पाहण्याचे धैर्य माझ्यात कमी. उजेड उलट पाहत नाही.

पट्ट्या माझ्या कामाच्या होत्या. वाराडला लोक दिव्य करायला येत. ज्या भांडणाचा निवाडा साक्षीने होत नसे ते भांडण न्यायाधीश आमच्याकडे पाठवी. इथे माणूस राजाच्या कबरीवर हात ठेवून शपथ घेई, मग तापलेले लोखंड मुठीत धरून देवळाच्या दारापासून कबरीच्या पायरीपर्यंत चालत येई. त्याचा हात लगेच गुंडाळून त्यावर मोहोर लावत. ठरलेल्या दिवशी मोहोर फोडत. हात स्वच्छ निघाला तर शपथ खरी, भाजलेला निघाला तर खोटी. हात गुंडाळण्याचे काम माझे. माझी बोटे हलकी आहेत असे सगळे म्हणत. त्यासाठी मला एक शपथ दिलेली होती: बांधताना जे दिसेल ते मोहोर फुटेपर्यंत ओठांवर आणायचे नाही. मुळात कमी बोलणाऱ्याला ती शपथ जड नव्हती.

माझे नाव लास्लो. त्या देवळात ही काही ओळख नव्हे. कबरीत निजलेला संत राजा लास्लो. देवळाचा सगळा कारभार पाहणारे मोठे पाद्री, तेही लास्लो. मेणबत्त्या आणि घंटा सांभाळणारा म्हातारा सेवेकरी, बहिरा लास्लो. आणि धाकटा मी. अंगणातून कोणी ‘लास्लो!’ म्हणून हाक मारली की मोठे पाद्री म्हणत, “आधी विचारा, जिवंत हवाय की मेलेला? काम होण्याची घाई असेल तर मेलेला बरा.” शिवाय आणखी एक लास्लो होता, त्याचा मला अधूनमधून उगीच विचार येई. मी जन्मलो त्याच सुमाराला तेव्हाच्या इम्रे राजाला मुलगा झाला आणि त्याचे नाव लास्लो ठेवले, म्हणून त्या वर्षी गावोगाव लास्लो जन्माला आले. त्यांतलाच मी. तो पोर बापामागे गादीवर बसला, काकाच्या धाकाने आईबरोबर परमुलखात पळाला आणि तिथेच मेला. दुधाचे दातही पडले नसतील. संताच्या कुळातला, संताच्या नावाचा, डोक्यावर संताच्या राज्याचा मुकुट. तरी मेला. हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि कामी येणे यांत किती अंतर असते ते मात्र ठाऊक नव्हते.

त्या सकाळी उजेड माझ्या मांडीवर पोचला आणि लगेच झाकला गेला. दारात दोघे उभे होते. पुढे झोंबोरकाका, बापाचा थोरला भाऊ, आमच्या नादेर गावचा म्होरक्या. आणि त्याच्या मागे, दाराची चौकट भरून, माझा भाऊ फार्काश.

“काय रे टकल्या,” फार्काश म्हणाला. माझ्या डोक्यावर मधोमध भादरलेल्या चकतीला तो कधी सोडत नसे. “अजून ऊन पडलं नाही वाटतं त्यावर? म्हटलं, वाराडला पोचलो की लांबूनच चमकेल.”

“दादा,” एवढेच मी म्हणालो. उठायला गेलो तर पट्ट्या सांडल्या.

“बस, बस,” काका म्हणाला. “देवाचं काम चाललंय, चालू दे. आम्ही काय, चिखलातली माणसं. चेपान सरदार म्हणतो, आम्ही माणसंसुद्धा नव्हे. त्याच्या आजानं दलदलीबरोबर आम्हांला विकत घेतलं म्हणे. बगळे, बेडूक आणि नादेरची माणसं.”

मग त्याने सगळे सांगितले. चेपानने न्यायाधीशापुढे दावा लावला होता की नादेरचे लोक त्याचे वेठबिगार आहेत. आमच्या गावाचे म्हणणे असे की संत राजाने स्वतः आमच्या पूर्वजांना गढीचे शिपाई म्हणून तिथे वसवले. आम्ही राजाला घोडा आणि भाला देणे लागतो, बाकी कोणाचे काही नाही. ज्यांनी हे पाहिले ते दोन्हीकडचे लोक केव्हाच मातीत गेले होते. म्हणून न्यायाधीशाने ठरवले की साऱ्या गावाच्या वतीने एकाने वाराडला शपथ घ्यावी आणि लोखंड उचलावे.

“हात भाजलेला निघाला तर?” मी विचारले. उत्तर मला ठाऊक होते.

“तर वेठ,” फार्काश म्हणाला. “मग चेपान म्हणेल ती जमीन, म्हणेल ते काम. पोरगी मोठी झाली की तिला त्याच्या दुसऱ्या गावी धाडलं तर मी टोपी काढून ‘बरं’ म्हणायचं.” तो हसला, पण त्याच्या डोळ्यांपर्यंत ते हसू आले नाही. त्याची मुलगी सेपे नुकती चालायला लागली होती.

“उचलणार कोण?”

काकाने माझ्याकडे पाहिले. “लास्लो.”

“काका, दीक्षा घेतलेल्याला दिव्य करता येत नाही.”

“ते काय मला कळत नाही? आणि तुझी बोटं बघ, लोण्याची. लोखंड लांबून पाहूनच वितळशील.” काकाने खांद्यावरचे कातड्याचे पांघरूण सावरले आणि आवाज खाली आणला. “तू नकोस. तुझं नाव हवंय. आपली जुनी म्हण आहे ना, लास्लोला लोखंड भाजत नाही. त्याच्या दारात त्याच्याच नावाचा माणूस आला तर त्याला तो जाळेल होय? साऱ्या नादेरमध्ये एक लास्लो, तो तू, आणि तुला आम्ही देवाला देऊन बसलो. आता हा फार्काश. नाव काय, तर लांडगा! लांडग्याच्या नावानं संताच्या पायरीवर चढवायचा? हात याचा असू दे, नाव तेवढं लास्लो पाहिजे.”

“नाव असं उसनं देता येत नाही, काका.”

“का नाही? गावात कोणाचंच दृढीकरण झालेलं नाही. बिशप दलदलीत कशाला येईल, डास चावतात. पण सणाला बिशप इथं येणार आहे. दृढीकरणाचं तेल कपाळाला लावताना माणसाला नवीन नाव घेता येतं. येतं की नाही? तू शिकलेला, सांग.”

घेता येत होते. मी मान हलवली.

“मला काय, कोणतंही नाव चालतं,” फार्काश म्हणाला. “बायको तर नावानं हाकच मारत नाही, ‘ए’ म्हणते.” मग तो माझ्याजवळ उकिडवा बसला, खाली पडलेल्या पट्ट्या आपल्या जाड बोटांनी गोळा करून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि हळू बोलला. “तू एवढं कर. बाकी मी चालतो सरळ. खुरासारखे हात आहेत माझे, बघ.”

त्याने तळहात पुढे केला. विळ्याने आणि नावेच्या वल्ह्याने घट्टे पडलेला, रुंद, उजेडात तांबूस दिसणारा. मला त्याला सांगायचे होते की म्हण ही नुसती म्हण आहे. की ज्याच्यावर एवढे नाव होते तो बाळराजा परमुलखात मेला. की मी इतके हात बांधले, त्यांत लास्लो नावाचेही दोन होते, आणि त्यांतला एक... पण काकाच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की तिच्यासमोर बोलणे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण ओढण्यासारखे वाटले. मी म्हणालो, “मोठ्या पाद्रींना विचारतो.”

मोठे पाद्री लास्लो गुडघ्यांना मलम लावत बसले होते. मी अडखळत सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले.

“आणखी एक? या देवळात दगड भिरकावला तर लास्लोलाच लागतो, आणि तू अजून एक आणतोस?”

“महाराज, तुम्ही नाही म्हणालात तर ते ऐकतील.”

ते थांबले. मलमाचे बोट हवेत तसेच राहिले. “म्हणजे ‘नाही’ मी म्हणायचं. तुला जमत नाही म्हणून.” मी खाली पाहिले. त्यांचा आवाज मऊ झाला. “पोरा, नावाला मोल नसतं. कोणीही घ्यावं. नावानं कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, पण अडवण्यासारखं वाईटही त्यात काही नाही. सन्मार्गानं मागतोय तर घेऊ दे. लोखंडाचं लोखंड बघेल.”

अशा रीतीने ‘नाही’ म्हणणारा कोणी उरला नाही.

सणाच्या दिवशी बिशपने फार्काशच्या कपाळाला तेल लावले, नाव उच्चारले आणि तेल पुसले जाऊ नये म्हणून कपाळाला पांढरी पट्टी बांधली. ती पट्टी बांधलेला माझा भाऊ एखाद्या लग्नात चुकून शिरलेल्या बैलासारखा दिसत होता. काका त्याला अंगणभर मिरवत होता. “लास्लो, इकडे ये! लास्लो, पाणी पी!” आणि दर हाकेला कोपऱ्यातून मी दचकून वर पाहत होतो, घंटेच्या दोरीशी बसलेला बहिरा लास्लो मात्र एकदाही पाहत नव्हता.

त्यानंतर फार्काशने उपास धरला. भाकरी, मीठ, पाणी. दिव्य करायच्या दिवशी चेपानच्या वतीने त्याचा कारभारी वाता आला. स्थूल, घामाघूम, टोपीत चेरी घेऊन खाणारा माणूस. हात मी बांधणार आणि मी फार्काशचा भाऊ आहे हे सांगून मोठ्या पाद्रींनी वाताला हरकत आहे का म्हणून विचारले. तो चेरीची बी थुंकून म्हणाला, “बांधू दे की. मोहोर तुमची आहे. भावानं बांधलं म्हणून भाजलेलं भरून येत नाही, आणि नसलेलं उगवत नाही.”

दारात शेगडी पेटली होती. मोठ्या पाद्रींनी लोखंडावर मंत्रजल शिंपडले. ते थेंब लोखंडावर पडण्याआधीच नाहीसे होत होते. फार्काशने कबरीवर डावा हात ठेवला आणि शपथ घेतली. “मी, नादेरचा लास्लो...” इथे तो थोडा अडला, जणू त्या नावाचा माणूस पुढे येईल म्हणून वाट पाहत होता. मग त्याने बाकीचे एका दमात म्हटले. नादेरचे लोक मोकळे आहेत, राजाचे शिपाई आहेत, कोणाचे विकत घेतलेले नाहीत.

चिमट्याने लोखंड त्याच्या उजव्या तळहातावर ठेवले आणि त्याने मूठ मिटली.

तो धावला नाही. मी पाहिलेले बहुतेक लोक धावतात. तो आमच्या गावच्या मिरवणुकीत चालावे तसा चालला, तोंड किंचित उघडे, नजर कबरीवर. देवळात इतकी शांतता होती की कोळसा तडकल्याचा आवाज आला. तो कोळशाचाच असावा. पायरीशी येऊन त्याने हात खाली केला, पण लोखंड पडले नाही. मूठ उघडत नव्हती. मी गुडघ्यावर बसून त्याची बोटे एकेक करून उलगडली. लोखंड दगडावर पडले. मग मी तळहाताकडे पाहिले.

तळहात पांढरा होता.

शेगडीतल्या राखेचा रंग पांढराच असतो. लोखंड राखेतून काढलेले, तेव्हा राख लागणारच. हे माझ्या मनाने इतक्या लवकर आणि इतक्या नीट मांडले की मलाच नवल वाटले. वास आला, तो शेगडीतल्या चरबीचा असणार. पट्टीचा पहिला वेढा घेताना त्या पांढऱ्यावर काहीतरी सुरकुतून सरकले. तो कापडाचाच पदर. मी दुसरा वेढा घेतला, तिसरा घेतला. काही दिसेनासे झाले तेव्हा माझी बोटे स्थिर झाली.

“कसा आहे रे?” ओठ न हलवता फार्काशने विचारले.

शपथेने मला बोलता येत नव्हते. पण माझ्या तोंडून निघाले, “राख आहे.”

मोठ्या पाद्रींनी लाखेवर मोहोर उमटवली.

देवळामागच्या यात्रेकरूंच्या पडवीत त्याला ठेवले. सकाळ-संध्याकाळ मी वरीची पेज घेऊन जाई आणि त्याला भरवी. पहिल्या दिवशी त्याने थट्टा केली. “लहानपणी मी तुला भरवत होतो. तू सगळं माझ्या अंगावर थुंकायचास. आता मी थुंकू का?” दुसऱ्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. त्याचे कपाळ तापलेले होते. दृढीकरणाची पट्टी घामाने काळवंडली होती, तरी ती सोडायला तो तयार नव्हता.

“आत काहीतरी चावतंय,” तो म्हणाला. “बरं होत असेल. बरं होताना खाजतं ना?”

“खाजतंच,” मी म्हणालो.

“दुखत नाही.”

“नसेलच दुखत.”

आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता बोलत होतो, काठावर उभे राहून पाण्यात काय आहे ते एकमेकांना न सांगणाऱ्या दोन माणसांसारखे. त्या वेळी बहिरा लास्लो झाडू घेऊन पडवीत आला. उंबऱ्याशी थांबून त्याने नाक वर केले, आणि बहिऱ्यांच्या त्या ठणठणीत आवाजात ओरडला, “इथं काहीतरी मेलंय!”

“कबुतर,” मी त्याच्या कानाशी ओरडलो. “छपरात कबुतर मेलंय!”

“कुठलं छप्पर? तुमच्या जवळच वास येतोय!”

“कबुतर आहे, आजोबा!”

तो पुटपुटत निघून गेला. फार्काश भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो भिंतीलाच म्हणाला, “कबुतर काढून टाक ते.” मी “हो” म्हणालो.

मोहोर फुटायच्या आदल्या दुपारी वाता आला. तो काकाशेजारी पडवीच्या पायरीवर बसला आणि टोपीतल्या चेरी त्याच्यापुढे केल्या. काकाने घेतल्या नाहीत.

“म्हातारबा, मी काय सांगतो ते ऐक,” वाता म्हणाला. “माझ्या धन्याला भांडणाचा कंटाळा आलाय. मोहोर फुटायच्या आत मिटवायचं असेल तर त्यानं मला मुभा दिली आहे. पेरणीला आणि कापणीला त्याच्या शेतावर या. बाकीचं वर्ष तुमचं. घरं तुमची, पोरंबाळं तुमची, कोणी कोणाला हलवणार नाही. कबरीवर हात ठेवून दोघं कबूल होऊ आणि हाताची पट्टी न सोडताच याला घरी जाऊ दे. इथं असं रोज होतं, विचार हवं तर.”

“आणि नाही मिटवलं तर?”

“तर उद्या बघू. आत स्वच्छ निघालं तर मी स्वतः तुझ्या गावाला बोकड देईन. आत भाजलेलं निघालं तर मग माझ्या हातात काही नाही. सगळं त्याचं. कोणाला कुठे धाडायचं, कोणाला कोणाबरोबर, ते तो ठरवेल.” तो वाईट माणूस नव्हता. तो खरोखर काकाच्या उत्तराची वाट पाहत होता.

काका उठला आणि मला ओढून विहिरीपाशी घेऊन गेला.

“तू बांधलास. तुझ्या डोळ्यांपुढे होता हात. सांग मला. होय की नाही, एवढंच सांग. मी कोणाला बोलणार नाही. मान हलवलीस तरी चालेल, लास्लो.”

त्या क्षणी सारे नादेर माझ्या मानेवर बसलेले होते. मला ते स्पष्ट दिसत होते: वेताच्या कुंपणांची घरे, नावा, दारात पडत-उठत चालणारी सेपे. मान एकदा हलवायची होती. पण हलवायची कशासाठी? माझ्यापाशी पाहिलेले असे काही नव्हते. माझ्यापाशी राख होती. आणि शपथ होती. त्या शपथेला मी असे बिलगलो की जणू ती मला कोणी बळजबरीने दिली होती.

“काका, शपथ आहे.”

“गेली खड्ड्यात तुझी शपथ! तुझा भाऊ आहे तो!”

“राख होती,” मी म्हणालो. “मला नीट दिसलं नाही. राख होती वर.”

काका माझ्याकडे पाहत राहिला. त्याला हवे ते ऐकू येईपर्यंत पाहत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उजळले. “राख,” तो म्हणाला. “म्हणजे भाजलेलं नाही. भाजलेलं असतं तर तू राख म्हणाला नसतास.” तो परत गेला. मी विहिरीच्या काठाला धरून उभा राहिलो. पडवीतून त्याचा आवाज आला, “फार्काश! दुखतंय का रे?” आणि माझ्या भावाचा आवाज, मोठा, वाताला ऐकू जावा असा, “लास्लो म्हणा, काका! आणि नाही, अजिबात दुखत नाही!”

वाताने टोपी डोक्यावर घातली. राहिलेल्या चेरी त्याने पायरीवर ठेवल्या होत्या. त्यांना मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे कबरीपाशी जमले. मोठे पाद्री, वाता, काका, नादेरहून रात्रभर नाव वल्हवत आलेली काही माणसे. त्यांत वहिनी होती. सेपे तिच्या खांद्यावर झोपली होती. फार्काश दोघांच्या आधाराने आला. त्याने येताना माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, लहानपणी बापाचा मार चुकवून आल्यावर उडवी तशा.

मोठ्या पाद्रींनी सर्वांना मोहोर दाखवली. ती अखंड होती. वाताने मान डोलावली, काकानेही. लाख फोडली.

“बांधणाऱ्यानं सोडावं,” मोठे पाद्री म्हणाले, “आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगावं.”

मी गुडघ्यांवर बसलो. वरचे वेढे सहज सुटले. पुढचे ओलसर होते, पिवळे. त्याखालचे चिकटले होते. मी थोडे पाणी लावले, वाट पाहिली, पुन्हा लावले. माझी बोटे खरोखरच हलकी होती. त्याने एकदाही हात मागे घेतला नाही. शेवटचा पदर उचलताना त्याच्याबरोबर दुसरेही काही निघून आले. त्या सगळ्यात राख कुठेही नव्हती.

“बोल, लास्लो,” मोठे पाद्री म्हणाले.

काका म्हणाला, “सांग रे, सांग त्यांना.”

फार्काश माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या पाहण्यात प्रश्न नव्हता.

मी सांगितले. हात भाजलेला होता. मी तो बांधला, तेव्हाच भाजलेला होता.